गुन्हेगारीचा शिक्का आणि न्यायाची सुधारणा



वसंतातल्या व्याख्यानांना काव्य, संगीत, संतचरित्र असे विषय शोभतात. आम्ही मात्र तुरुंग, जामीन आणि पोलिसांची नोंदवही असा रुक्ष विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. चालकांनी विषयाचे नाव ऐकून एकदा आमच्या तोंडाकडे पाहिले. पण नको म्हटले नाही, हा त्यांचा मोठेपणा. विषय रुक्ष असला तरी दूरचा नाही. ज्याच्या घरी कधी चोरी झाली आहे त्याचा तो आहे, आणि ज्याच्यावर चोरीचा आळ आला आहे त्याचाही आहे. गावात या दोन्ही प्रकारची माणसे असतातच.

न्यायाच्या सुधारणेची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो तो असा : कायदा सौम्य केला, माणसे तुरुंगाबाहेर सोडली, तर चोर माजणार नाहीत काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला निर्दय म्हणण्याचे कारण नाही. आपल्या कष्टाचे राहावे असे वाटणे हा काही दुर्गुण नव्हे. पण त्याच्यामागे एक दुसरा प्रश्न उभा असतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. कायदा सुधारला तर तो सर्वांना सारखाच सुधारतो काय? की ज्यांना पूर्वी कायद्याचा जाच कमी होता त्यांनाच सुधारणेचा लाभ अधिक होतो, आणि ज्यांच्या पाठीवर वळ आहेत ते होते तिथेच राहतात? आजच्या व्याख्यानात आम्ही हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून वेगळे करून पाहणार आहोत.

पुष्कळांना हा विषय अमेरिकेचा वाटतो, गोऱ्याकाळ्यांचा वाटतो. तिकडे आपण शेवटी जाऊच. पण या प्रश्नाचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच देशात, आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला आहे. तो प्रयोग ८१ वर्षे चालला, आणि त्याचे नाव होते गुन्हेगार जमातींचा कायदा.

हा कायदा इंग्रज सरकारने १८७१ साली केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात आला. १९२४ साली त्याची पुन्हा एकत्र मांडणी झाली. कायद्याची कल्पना अशी की, हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात; सुताराचा मुलगा सुतार, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी; तेव्हा चोराचा मुलगा चोर असलाच पाहिजे. आपल्या जातिभेदावर एरवी नाक मुरडणाऱ्या साहेबाने इथे तो जातिभेदच पुरावा म्हणून उचलला, आणि त्याला सरकारी मोहर लावली.

या कायद्याचे काम कसे चालत असे ते पाहा. सरकारने गॅझेटात जाहीर करावे की अमुक जमात गुन्हेगार आहे. या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. मग त्या जमातीच्या माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवाना काढावा लागे. नोंदलेला माणूस संशयास्पद स्थितीत आढळला एवढ्यावर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी. म्हणजे ज्या चोरीसाठी दुसऱ्या एखाद्या माणसाला काही महिने झाले असते त्याच चोरीसाठी या माणसाचे आयुष्य जावे. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सरकारी शाळांत ठेवण्याची सोयही कायद्यात होती. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग या ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. लोक त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे दिवसा गिरणीत राबत आणि सुटीनंतर काटेरी तारेच्या आत परतत.

ही माणसे होती तरी कोण? आज महाराष्ट्र सरकारच्या यादीत विमुक्त जाती म्हणून १४ जमाती आहेत. त्यांत बेरड, कैकाडी, वडार, रामोशी, भामटा, कंजारभाट, पारधी, बंजारा अशी नावे आहेत. यांतले वडार म्हणजे दगड फोडणारे आणि माती वाहणारे. कैकाडी टोपल्या विणणारे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर नेत असत. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. जंगलाचे कायदे आले आणि पारध्याची शिकार हा अपराध ठरला. रामोशी तर कित्येक गावांचे राखणदार. ज्यांच्या हातात गावाने आपल्या रात्री सोपविल्या होत्या त्यांचीच नावे चोरांच्या वहीत गेली. पोटाचा धंदा काढून घ्यायचा, आणि पोटासाठी कोणी काही उचलले की म्हणायचे, पाहा, आम्ही सांगत नव्हतो!

आता आपला पहिला प्रश्न या कायद्याला विचारू. इतक्या कडक बंदोबस्ताने गुन्हे कमी झाले काय?

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. गुन्ह्यांचा जो आकडा सरकारी कागदावर येतो तो केवळ गुन्ह्यांचा नसतो. तो पोलिसांच्या नजरेचाही असतो. गावात दहा घरे आहेत आणि फौजदार रोज रात्री एकाच घराची झडती घेतो असे समजा. वर्षाच्या शेवटी त्या एका घरावर जास्तीत जास्त खटले दिसतील. मग पुढच्या वर्षी तोच फौजदार तेच खटले दाखवून म्हणेल की, या घरावर लक्ष ठेवणे किती आवश्यक आहे ते पाहा. या हिशेबात उरलेल्या नऊ घरांत काय चालले आहे हे कोणालाच कळत नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा हा असाच एक वाटोळा हिशेब होता. पाळतीतून खटला निघे आणि खटल्यातून पाळतीचे समर्थन निघे.

त्याचा परिणाम जमातींवर झाला तसाच तो चोरी झालेल्या माणसावरही झाला, हे आम्हांला मुद्दाम सांगावयाचे आहे. सावकाराचे घर फुटले की पाल्यावरची चार माणसे धरून आणणे सोपे. खऱ्या चोराचा माग काढणे अवघड. सोपे काम हाताशी असले की अवघड काम कोण करतो? चार माणसे कोठडीत गेली, कागद पुरा झाला, गावाला समाधान वाटले, आणि खरा चोर पुढच्या गावाला गेला. जातीवर संशय घेण्याची सवय लागली की तपासाचे कसब गंजते. या कायद्याने ज्यांना चिरडले त्यांचे नुकसान तर झालेच. पण ज्यांच्या रक्षणासाठी तो केला असे सांगितले गेले त्यांचेही तो रक्षण करू शकला नाही.

स्वातंत्र्य आले तेव्हा हा कायदा उठवावा की नाही यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. तो उठला तर लुटालूट होईल, रस्ते असुरक्षित होतील, अशी भीती तेव्हाही घातली जात होती. मुंबई प्रांताने १९४९ सालीच तो रद्द केला. त्याच साली केंद्र सरकारने अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि तिने कायदा संपूर्ण देशातून उठविण्याची शिफारस केली. शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांच्या देखरेखीखाली घडलेली राज्यघटना १९५० साली अंमलात आली होती. कायद्यापुढे सर्व समान असे ती म्हणत असताना जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा तिच्या शेजारी बसणे शक्यच नव्हते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो गेला. ही माणसे 'विमुक्त' झाली. आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

कायदा गेला, आणि त्यामुळे राज्य बुडाले नाही. ज्या वसाहतींच्या तारा निघाल्या त्यांच्या आसपासची शहरे ओस पडली नाहीत. आपल्या पहिल्या प्रश्नाचे घरचे उत्तर येथे मिळते. लाखो माणसांवरची सरसकट पाळत एका दिवसात उठली तरी समाज टिकतो.

पण दुसऱ्या प्रश्नाचे काय? येथे मात्र इतके समाधान मानता येत नाही. जमातीवरचा कायदा गेला, त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ साली आला. त्याचे तत्त्व चांगले होते. आता जमात पाहायची नाही, ज्या एकेकट्या माणसाला वारंवार शिक्षा झाल्या आहेत त्याच्यावर लक्ष ठेवायचे. तत्त्व कागदावर बदलले. पण जुनी वही ज्या कपाटात होती ते कपाट तेच, आणि ती वही उघडणारा हातही तोच. ज्याच्या बापाचे नाव जुन्या वहीत, त्याचे नाव नव्या वहीत चढायला वेळ लागत नाही. पोलीस ठाण्याच्या भाषेत तो 'रेकॉर्डवरचा' होतो. चोरी झाली की रेकॉर्डवरचे आधी उचलायचे. उचलल्याने रेकॉर्ड आणखी वाढते.

हे आम्ही आमच्या कल्पनेने सांगत आहोत असे नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी ज्यांनी ती वाचली असतील त्यांना ठाऊक आहे की, कायदा रद्द झाल्यानंतर जन्मलेल्या किंवा वाढलेल्या मुलांची ती चरित्रे आहेत. पुढे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. त्यानंतरच्या आयोगाचे अध्यक्ष तर आपल्या दापोलीचे भिकू रामजी इदाते, ज्यांना सर्वजण दादा म्हणतात. म्हणजे या प्रश्नाचा एक मोठा कागद आपल्याच तालुक्यातल्या माणसाच्या हाताखालून गेला आहे. वारंवार आयोग नेमावे लागतात याचा अर्थच असा की कायदा रद्द करणे हे काम अर्धे होते; उरलेले अर्धे अजून व्हायचे आहे.

सुधारणेने गुन्हेगारी वाढते की कमी होते याविषयी एक आशेचा दाखलाही महाराष्ट्रात आहे. औंध संस्थानाच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार दिला. त्याच साली आटपाडीजवळ एक खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन नावाचे मूळचे पोलंडचे, गांधीजींच्या विचाराने भारलेले इंजिनियर या कल्पनेच्या मागे होते. वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. तिला भिंत नव्हती. कैद्यांनी, आणि त्यांत खुनाची शिक्षा झालेलेही होते, शेती करावी, बायकामुले जवळ ठेवावीत, आणि पळून जाऊ नये ते केवळ दिलेल्या शब्दासाठी. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. चित्रपट सर्वांनी पाहिला, रडून घेतले, आणि घरी आले. पण प्रयोग चित्रपटापुरता नव्हता. संस्थान विलीन झाल्यावरही सरकारने ही वसाहत चालू ठेवली, आणि येरवडा, पैठण येथेही खुली कारागृहे निघाली. माणसावर विश्वास टाकला तर तो बहुधा त्या विश्वासाला जागतो, एवढे तरी त्यातून दिसले.

आता आजच्या दिवसाकडे येऊ. आज आपल्या तुरुंगांत कोण आहे? २०२२ सालच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार माणसांवरचा गुन्हा शाबीतच झालेला नव्हता. ती कच्चे कैदी होती. म्हणजे चारांतले तीन. दर पाच कैद्यांत सुमारे एक अनुसूचित जातीचा आहे. २०११ च्या शिरगणतीत या जातींचे प्रमाण शंभरात साडेसोळाच्या आसपास होते. विमुक्तांचे किती, हे मात्र त्या अहवालात सापडत नाही, कारण त्यांचा रकानाच वेगळा नाही. एकेकाळी ज्यांची बोटेन् बोटे मोजली त्यांना आता न्याय मिळतो की नाही हे मोजायला रकाना नसावा, हा दैवदुर्विलास म्हणावा काय?

एवढे लोक शिक्षेवाचून आत का? कारण जामिनाला जामीनदार लागतो, आणि जामीनदाराला काहीतरी मालमत्ता लागते. आपल्याकडे कोर्टात सात-बारा दाखवावा लागतो. ज्याच्या सात पिढ्यांत सात-बारा नाही, ज्याचे घर म्हणजे चार काठ्यांवरचे पाल, त्याला जामीन राहणार कोण? १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याला जामीन मंजूर झाला होता. पण खालच्या न्यायाधीशाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या हमीवर सोडले. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, हुसैनआरा खातून यांच्या प्रकरणात उघड झाले की, बिहारच्या तुरुंगांत कित्येक माणसे त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खटल्याची वाट पाहत पडली आहेत. न्याय करायचा राहिला आणि शिक्षा मात्र भोगून झाली.

यावर उपाय म्हणून सुधारणा झाल्या आणि होत आहेत. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिचे ४७९ वे कलम सांगते की, ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही असा कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला हमीवर सोडावे. इतरांना अर्धा काळ झाल्यावर. जन्मठेप वा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळले आहेत. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे. म्हणजे एका वर्षात माणूस बाहेर यावा. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या कैद्यांनाही द्या असे सांगितले. कलम चांगले आहे. ते ज्यांनी लिहिले त्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

परंतु त्याच कलमाचे दुसरे पोटकलम वाचा. ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे तपास किंवा खटले चालू आहेत त्याला या कलमाखाली सोडू नये, असे ते म्हणते. वरवर पाहता यात काय वावगे आहे? ज्याच्यावर पाच खटले तो घातकी असणार. पण मघाचे दहा घरांचे गाव आठवा. एका घराची रोज झडती होते तेव्हा पाच खटले कोणावर असतील? ज्या घरची कधी झडती झाली नाही तिथला तरुण पहिल्यांदा चोरीत सापडला तर एका वर्षात सुटेल. पालावरचा तरुण, ज्याला जिल्ह्यात कुठेही काही हरवले की उचलले जाते, तो आतच राहील. जरी त्या पाच खटल्यांपैकी एकही पुढे शाबीत होणार नसला तरी. सुधारणा दोघांच्या दारापर्यंत आली. एकाचे दार तिने उघडले. दुसऱ्याच्या दारावर जुनी वही टांगलेली पाहून ती परत फिरली.

आमच्या आजच्या सांगण्याचे सार हेच आहे. चांगला कायदासुद्धा जुन्या संशयाच्या नोंदी पुरावा म्हणून स्वीकारतो, तेव्हा तो नकळत जुन्या अन्यायाचा वारसदार होतो.

आता अमेरिकेकडे वळू. कारण तिथे हीच गोष्ट आकड्यांनी मोजली गेली आहे. १९८६ च्या एका कायद्याने कोकेनचा जो स्वस्त प्रकार गरीब काळ्या वस्त्यांत विकला जाई त्याच्या ५ ग्रॅमला, आणि जो पांढऱ्या भुकटीचा प्रकार श्रीमंतांत चाले त्याच्या ५०० ग्रॅमला, सारखीच किमान पाच वर्षांची शिक्षा ठरविली. द्रव्य एकच, तराजू दोन. २०१० साली हे शंभरास एक असलेले प्रमाण अठरास एकवर आणले गेले, आणि २०१८ साली त्याचा लाभ जुन्या कैद्यांनाही मिळाला. तराजू अजून सरळ झालेला नाही. पण पूर्वीइतका वाकडाही राहिलेला नाही.

न्यू जर्सी या राज्याने २०१७ सालापासून पैसे भरून जामीन मिळविण्याची पद्धत जवळजवळ बंद केली. २०१२ साली तिथल्या स्थानिक तुरुंगांत सुमारे १५ हजार माणसे होती. २०१८ साली सुमारे ८,९०० राहिली. मग गुन्हे वाढले काय? खटला चालू असताना सुटलेल्या माणसांपैकी पुन्हा गंभीर आरोपात सापडणारे शंभरांत तेरा-चौदा निघाले; पूर्वीच्या पद्धतीतही ते जवळजवळ तितकेच होते. सहा हजार माणसे आपापल्या घरी झोपू लागली आणि आकाश कोसळले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा तेच.

परंतु २०१२ साली तिथल्या तुरुंगातल्या शंभर माणसांत ५४ काळी होती. २०१८ साली, सुधारणेनंतरही, शंभरांत ५४ काळीच होती. सुटलेल्यांत काळेच अधिक होते. हजारो काळ्या कुटुंबांचा कर्ता घरी आला, हा लाभ लहान नव्हे. पण प्रमाण तसूभर हलले नाही. आत राहावे की सुटावे हे ठरविताना पूर्वीच्या शिक्षा आणि चालू खटले विचारात घेतले जात होते, आणि ते खटले कोणावर अधिक होते हे सांगण्याची गरज नाही. न्यू जर्सीचा काळा तरुण आणि आपल्या पालावरचा पारधी यांच्यामध्ये सात समुद्र आहेत. पण त्यांना अडविणारी वही एकाच जातीची आहे.

प्रामाणिकपणासाठी विरुद्ध बाजूचेही सांगितले पाहिजे. २०२० साली अमेरिकेत खुनांचे प्रमाण एका वर्षात जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले, आणि पुष्कळांनी त्याचे खापर सुधारणांवर फोडले. पण जिथे सुधारणा झाल्या तिथेही खून वाढले आणि जिथे काहीच बदलले नव्हते तिथेही वाढले. पुढे दोन-तीन वर्षांत ते पुन्हा उतरले. साथीचे वर्ष होते, सर्वच घडी विस्कटली होती. यावरून सुधारणेने गुन्हे कधीच वाढत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. वाईट रीतीने केलेली सुधारणा, साक्षीदाराला संरक्षण न देता घाईने सोडलेला दांडगा, यांनी नुकसान होऊ शकते. आमचे म्हणणे इतकेच की, सुधारणा म्हणजे ढिलाई असे धरून चालणे हे अनुभवाला धरून नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्या वहीकडेच बोट दाखविले आहे. मे २०२४ मध्ये त्याने बजावले की, केवळ मागास वा विमुक्त समाजातला आहे म्हणून कोणाची हिस्ट्रीशीट यांत्रिकपणे उघडू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता या पत्रकारांनी केलेल्या अर्जावर, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. काही राज्यांच्या तुरुंगनियमांत स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्याकडे आणि झाडलोट खालच्या जातीच्या कैद्याकडे अशी वाटणी होती. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणारी वाक्ये १९५२ नंतर बहात्तर वर्षे तशीच पडून होती. ते सारे घटनाविरोधी ठरले. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास आणि विमुक्तांना मनमानीने अटक न करण्यास न्यायालयाने सांगितले.

निकाल दिल्लीत लागतो. त्याची अंमलबजावणी ठाण्यात आणि गावात होते. तेव्हा शेवटी आपल्याकडेच यावे लागते. आपले केळशी हे महालक्ष्मीच्या देवळाचे आणि याकूबबाबांच्या दर्ग्याचेही गाव आहे. एकमेकांना सांभाळून राहण्याची शिकवण आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. तरीही विचारतो. बागेतले नारळ रात्रीतून उतरविले गेले, काजूच्या बिया कोणी वेचून नेल्या, तर आपले बोट आधी कुठे वळते? कातकरीवाडीकडे, नाही तर एस.टी.च्या थांब्याजवळ उतरलेल्या पालाकडे. कोळशाच्या भट्टीवर राबून परतलेल्या माणसाला आपण विचारीत नाही, 'काय झाले?' आपण विचारतो, 'काल रात्री होतास कुठे?' हा प्रश्न कोणत्याही कायद्याने आपल्या तोंडी घातलेला नाही. तो १८७१ च्या कायद्याचा आपल्या ओठांवर राहिलेला उष्टा घास आहे.

मग करावे काय? फार मोठ्या गोष्टी आम्ही सांगत नाही. चोरी झाली तर तक्रार अवश्य द्या. पण तक्रारीत जे पाहिले ते लिहा, ज्याचा संशय घेण्याची सवय आहे त्याचे नाव लिहू नका. पोलीस पाटलाला विचारा की धरलेल्या माणसाविरुद्ध पुरावा काय. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, कारणे लिहून ठेवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितले आहे. हे ठाऊक असलेला एक माणूस ठाण्यात सोबत गेला तरी पुष्कळ फरक पडतो. ज्यांच्याजवळ सात-बारा आहे त्यांनी, माणूस ओळखीचा आणि कष्टाचा असेल तर, जामीन राहण्यास कचरू नये. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली योजना काढली आहे. योजना निघाली तेव्हा तीत कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. ते मिळवून देण्यासाठी अर्ज लिहिणारा हात हवा. केळशीत लिहिणाऱ्या हातांची वाण नाही.

कोणी म्हणेल, ज्याचे घर फुटले त्याची तुम्हांला दया नाही काय? आहे, आणि म्हणूनच हे सारे सांगितले. त्याला हवा आहे तो त्याचा चोर, कोणी तरी एक चोर नव्हे. त्याचा गेलेला ऐवज जातीच्या यादीत सापडणार नाही. तो मेहनतीच्या तपासात सापडेल. निरपराध माणूस सुटावा आणि अपराधी सापडावा, ही न्यायाची दोन कामे नसून एकच काम आहे.

१९५२ साली सरकारने आपल्या कायद्यातून एक पान फाडून टाकले. आपल्या मनातल्या वहीत त्या पानाची नक्कल उरली आहे. ती फाडायला संसद लागत नाही, आयोगही लागत नाही. ते काम या मंडपात बसलेल्यांना करता येण्याजोगे आहे, आणि ते आपण करावे एवढी आमची विनंती आहे.